एमिलीचं निळं पाकीट

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं होती. २०३ मध्ये आशालता घाग, २०४ मध्ये एमिली तुस्कानो. दोन दारांमधलं अंतर सात फूट. बावीस वर्षांत या सात फुटांवरून जेवढं मटण गेलं-आलं, तेवढी माणसंसुद्धा गेली-आली नसतील.

त्याचं असं झालं होतं. आशालताच्या सासूबाईंना श्रावणात घरात मटण चालत नसे. खायचं नाही हे तर झालंच, पण असायचंही नाही. वरच्या फ्रीझरमध्ये दगड होऊन पडलेला खिमा खालच्या कप्प्यातल्या नैवेद्याच्या दुधाकडे बघत असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि समोर एमिलीकडे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे उपवासकाळात, नेमकी हीच अडचण. एमिली स्वतः खंबीर बाई. पण तिचा नवरा फर्डिनंड हा फार चांगला आणि फार कच्चा माणूस होता. फ्रीझरमध्ये मटण आहे हे माहीत असलं की त्याचं प्रार्थनेत लक्ष लागायचं नाही.

राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी एमिलीने दार वाजवलं होतं. हातात तीन पाकिटं.

"तुझ्या फ्रीझरात चाळीस दिवस जागा आहे का गं?"

"चाळीसच का?"

"प्रभूने तेवढे काढले म्हणून."

आशालता कोकणातली, चिपळूणकडची. प्रभूला नाही कसं म्हणायचं म्हणून तिने बर्फाचा ट्रे हलवून जागा केली. त्याच वर्षी श्रावणात तिने आपलं मटण समोर नेऊन दिलं, ते गणपतीचं विसर्जन झाल्यावर परत आणलं. तेव्हापासून हे लागूनच गेलं. वर्षातून दोनदा मटण स्थलांतर करायचं. दोन्हीकडच्या देवांना याची कल्पना असावी, पण कोणी काही बोललं नाही.

नियम दोनच. दुसरीचं पाकीट उघडायचं नाही, हा पहिला. आणि ज्याचं पाकीट त्याने स्वतःच्या हाताने द्यायचं आणि स्वतःच्या हाताने न्यायचं, घरच्या कुणाच्या हाती नाही, हा दुसरा. दुसरा नियम फर्डिनंडमुळे आला. एका गुड फ्रायडेच्या दुपारी तो आशालताच्या दारात येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "वहिनी, खाणार नाही. नुसतं बघून जातो."

बाकीचं वर्ष दोघींचं मटण एकत्रच यायचं. रविवारची सकाळची चर्चमधली मिस्सा आटोपली की एमिली परस्पर सर्कलजवळच्या मटणवाल्याकडे जायची आणि दोघींत मिळून एक किलो घ्यायची. अर्धा किलो मागणाऱ्या माणसाकडे मटणवाला मान वर करून बघत नाही. किलो म्हटलं की तो नाव विचारतो, तब्येत विचारतो, आणि वरून एक नळी, थोडी छाट, मूठभर चरबी टाकतो. त्या वरच्या टाकलेल्यावर दोन घरं चालायची. हाडं दोन तास उकळायची, ते पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवायचं, आणि आठवडाभर डाळीत, शेवग्याच्या शेंगेत, खिचडीत एकेक खडा सोडायचा. असा खडा पडलेलं वरण जेवताना आशालताचा नवरा सुधाकर पहिल्या घासाला थांबून म्हणायचा, "आज वरणाला काहीतरी आठवतंय."

खिमा पुरवण्यात मात्र दोघींचे दोन पंथ होते. आशालता अर्धा किलो खिम्यात पाव किलो चण्याची डाळ शिजवून घालायची. एमिली कालचा पाव भिजवून, पिळून, कुस्करून घालायची.

"पाव घातला की खिमा फुगतो," आशालता म्हणायची, "पण खोटं बोलतो गं."

"आणि तुझी डाळ खरं बोलते. पण किती वेळ बोलते! दुसऱ्या दिवशीपर्यंत पोटात बोलतच असते."

एमिलीच्या माहेरच्या वाडीतून कच्च्या केळ्यांचा फणा आला की दोघी एका पंथाच्या व्हायच्या. केळी उकडून, किसून खिम्यात घातली की फर्डिनंडलाही फरक कळत नसे, आणि फर्डिनंडला कळला नाही म्हणजे जगात कुणालाच कळणार नाही. तयार खिमा धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत भरायचा, तळहाताने चपटा करायचा आणि फ्रीझरमध्ये सरकारी फायलींसारखा उभा लावायचा. पाहुणे आले की एक फाईल बाहेर काढायची. एमिली सुरणाचे तुकडेही असे कापायची की रश्श्यातून डोकं वर काढल्यावर ते मटणच वाटायचे. पाहुण्याच्या पानात नळी आणि घरच्यांच्या पानात सुरण, आणि सगळ्यांनी सारख्याच तोंडाने चघळायचं. लेस्टरला, म्हणजे एमिलीच्या मुलाला, दहा वर्षांचा होईपर्यंत सुरण ही भाजी आहे हेच ठाऊक नव्हतं.

मग सासूबाई गेल्या. सहा वर्षांपूर्वी फर्डिनंड गेला. लेस्टर कॅनडाला गेला. आशालताच्या संकेतचं लग्न झालं, सून ऋतिका आली, नात आर्या झाली. मटण तरी एक किलोच येत राहिलं. आणि या वर्षी उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात लेस्टरने आईचा व्हिसा आणि तिकीट एकदमच पाठवलं. मधे दिवस होते सहा.

त्या सहा दिवसांत एमिलीने बावीस वर्षांचं घर झाकून ठेवलं. निघायच्या सकाळी तिने आशालताच्या हातात किल्ली दिली.

"झाडांना पाणी घाल. दोनच आहेत. फ्रीज बंद केलाय, त्याचं दार उघडं राहू दे, नाहीतर वास धरतो. आणि तुझ्याकडे माझी ती खिम्याची दोन पाकिटं आहेत ना, ती ईस्टरला तुम्ही खाऊन टाका. मी काय विमानात नेऊ?"

"दोनच?" आशालताने विचारलं.

"दोनच तर आहेत." खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला आणि एमिलीने बॅग उचलली.

पण फ्रीझरमध्ये तीन होती. दोन चपटी, दुधाच्या पिशवीतली. आणि तिसरं ते निळं. आइस्क्रीमचा जुना डबा, त्यावर जाड निळी पिशवी, तिला आडवे-उभे चार रबर, आणि सगळ्यावर बोटभर बर्फाचा थर. हे निळं पाकीट बरीच वर्षं आशालताकडे येत होतं. ते द्यायला तर एमिली उपवासकाळाची वाटही बघायची नाही. गणपतीचं विसर्जन झालं की आपलं मटण न्यायला आलेल्या आशालताच्या हातात तेही ठेवायची. उपवासकाळाला सहा महिने असताना! एमिली पहिल्यापासून आगाऊ तयारीची बाई, असं म्हणून आशालता ते आत सरकवायची आणि ईस्टरला एमिलीच्या बाकी पाकिटांबरोबर परत द्यायची.

एमिलीने दोन सोडली आणि तिसऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आशालताने यावर दोन दिवस विचार केला. ज्या बाईने आयुष्यात उकळलेलं हाड दुसऱ्यांदा उकळल्याशिवाय टाकलं नाही, ती अख्खं पाकीट विसरेल? विसरणार नाही. मग ते तिने ठेवलं असणार. आणि माणूस वस्तू कधी ठेवतो? परत यायचं असतं तेव्हा.

निघताना "कधी येशील?" हे विचारायचं राहून गेलं होतं. खरं म्हणजे राहून गेलं नव्हतं, आशालताने राहू दिलं होतं. टॅक्सीत बसलेल्या माणसाने "बघू" म्हटलं असतं तर ते घेऊन ती जिना कसा चढली असती? त्यापेक्षा हे बरं. मटण बोलत नाही, पण "बघू"ही म्हणत नाही.

ईस्टर झाला. दोन पाकिटं खाल्ली. पाव घातलेला खिमा, फुगलेला, खोटं बोलणारा. आशालताने दोन वेळा वाढून घेतला.

मग रविवारी ती एकटी मटणवाल्याकडे गेली.

"अर्धाच, ताई? त्या बाय कुठे गेल्या?"

"कॅनडाला."

मटणवाल्याने सुरा खाली ठेवून जरा वेळ शांतता पाळली आणि दुःखाची म्हणून एक नळी टाकली. पुढच्या रविवारी दुःख ओसरलं होतं. नळी नाही, छाट नाही, नुसता अर्धा किलो, त्याने मान वर न करता दिलेला.

त्या अर्धा किलोचं काही केल्या जमेना. माणसं पाच. हाडाचं पाणी नाही म्हणून खडे नाहीत, खडे नाहीत म्हणून वरणाला काही आठवेना. आशालता डाळ वाढवत गेली. मग बटाटा, मग सुरण, मग सोयाबीनचा चुरा. केळी बाजारातून आणली. ती वाडीतल्यासारखी गपगुमान विरघळेनात, खिम्यात राहून आपली ओळख सांगत बसली.

"आई, यात मटण कुठल्या बाजूला आहे?" संकेतने एकदा ताट गोल फिरवत विचारलं.

"मला भेटला होता मघाशी एक तुकडा," सुधाकर म्हणाला. "घाईत होता."

आशालताने भांडी उचलली. किलोभर मटण दोन घरांत वाटलं तर दोन्ही घरं पोटभर जेवतात आणि अर्धा किलो एका घरात आणलं तर पाच माणसं उपाशी उठतात, हे गणित शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. पाव भिजवून घालून बघावा असं तिच्या मनात बरेचदा आलं. पाव आणायचीही ती. पण हात डाळीच्या डब्याकडेच जायचा. पाव घालणं हे एमिलीचं काम होतं. ते आपण करून टाकलं तर तिच्यासाठी काय शिल्लक राहील?

ऋतिकाचा प्रश्न वेगळा होता. ती अंधेरीला नोकरीला जायची आणि रविवारी आठवड्याचं करून ठेवायची. अर्ध्या भाजलेल्या पोळ्या, वाटणाचे गोळे, सोललेले मटार. तिला फ्रीझरमध्ये जागा हवी होती.

"आई, ते निळं काढू का? कुठल्या वर्षाचं आहे?"

"एमिलीचं आहे."

"मी वर्ष विचारलं."

"दुसऱ्याच्या पाकिटाला वय विचारत नाहीत."

"अहो पण आत काय आहे ते तरी?"

"मला काय माहीत? उघडायचं नसतं."

ऋतिकाने सासऱ्यांकडे बघितलं. सुधाकरने पेपर वर केला.

रविवारी संध्याकाळी एमिलीचा व्हिडिओ कॉल यायचा. स्क्रीनवर तिचं कपाळ आणि छताचा पंखा दिसायचा. पंखा तिकडेही आहे, याचा आशालताला दर वेळी दिलासा वाटे. दोघी हवेवर बोलायच्या, गुडघ्यांवर बोलायच्या. पाकिटाचा विषय आशालता काढत नसे. तू ठेवलेलं मी सांभाळतेय, हे सांगायचं कशाला? आणि समजा एमिली म्हणाली, "अगो ते होय, टाकून दे," तर?

असं करत श्रावण तोंडावर आला.

आता मात्र पंचाईत होती. सासूबाई भिंतीवर फोटोत होत्या, पण फोटो नेमका फ्रीजच्या समोर होता. घरातलं आपलं सगळं आशालताने गटारीच्या आधीच संपवून टाकलं. राहिलं निळं. ते द्यायचं कुणाला? तळमजल्यावरच्या आइस्क्रीमवाल्याला तिने विचारून बघितलं. तो म्हणाला, "काकी, माझी गिऱ्हाईकं जैन आहेत. मलाई कुल्फीशेजारी हे?" कळंबची मासेवाली दारावर यायची, तिच्या बर्फाच्या पेटीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "बाय, संध्याकाली बर्फाचा पानी होतो. मंग तुजा मटन माज्या पापलेटात पवंल."

दीप अमावास्येच्या दुपारी घरात कुणी नसताना आशालताने पाकीट टॉवेलात गुंडाळलं, समोरचं कुलूप उघडलं, एमिलीच्या फ्रीजचा प्लग लावला आणि कान देऊन उभी राहिली. फ्रीज दोनदा खाकरला आणि सुरू झाला. बंद घरात चार महिन्यांनी काहीतरी बोललं.

अख्खा फ्रीज आणि आत एक पाकीट. तिने दार लावलं, पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा लावलं.

मग ती रोज दुपारी तीनला जाऊ लागली. श्रावणात "मटण बघून येते" असं काही म्हणता येत नाही, म्हणून ती म्हणायची, "झाडांना पाणी घालून येते." त्या महिन्यात एमिलीची दोन झाडं इतकं पाणी प्यायली की त्यातलं एक मेलं.

आत काही करायचं नसायचं. फ्रीझर उघडायचा, निळं आहे ना बघायचं, आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायचं. हा आशालताचा स्टूल. एमिली उभ्याने पाव पिळायची आणि आशालता इथे बसून डाळ निवडायची. चर्चचं कॅलेंडर मार्चवर थांबलं होतं. मसाल्याच्या काळ्या बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या होत्या. नाक अगदी जवळ नेलं तर अजून शिंक यायची. एक दिवस तिने ती मुद्दाम आणली. शिंकल्यावर आतल्या खोलीतून कुणी "देव बरं करो" म्हटलं नाही. फर्डिनंड म्हणायचा, तो गेल्यावर एमिली म्हणू लागली होती. आशालताने थोडा वेळ वाट बघितली आणि स्वतःच म्हटलं. मग फ्रीजच्या घुर्रर्र आवाजात ती अर्धा-पाऊण तास बसून राहिली.

श्रावण संपायला आठवडा उरला असताना, सोमवारी संध्याकाळी फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता, पण स्क्रीनवर एमिलीचं कपाळ नव्हतं. लेस्टर होता.

"आंटी, हाऊ आर यू? एक विचारायचं होतं. आपल्या फ्लॅटमध्ये कोण राहतंय का?"

"तुमच्या? नाही रे बाबा."

"मग लाइटचं बिल कसं आलं? मी इथून भरतो ना, दर महिन्याला झिरो युनिट असतात. या वेळी मीटर फिरलंय."

आशालताने सुधाकरकडे बघितलं. सुधाकरने पेपर शोधला. तो मिळाला नाही.

"फ्रीज चालू आहे," ती म्हणाली.

"फ्रीज? कशाला?"

"तुझ्या मम्मीचं मटण आहे त्यात."

लेस्टरचा चेहरा थांबला. नेटवर्क गेलं असं सगळ्यांना वाटलं. पण त्याने पापणी हलवली. "आंटी, बरं झालं विषय निघाला. मी तो फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणतोय. रविवारी ब्रोकर येईल, त्याला किल्ली द्याल? फ्रीज वगैरे जुनं सामान काढूनच टाकू. मम्मा आता इथेच राहील बहुतेक, तिलाही..."

"तिला दे फोन," आशालता म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. आर्याने चित्र काढता काढता वर बघितलं.

स्क्रीन हलली, पंखा आला, कपाळ आलं.

"काय गो आशा, सकाळी सकाळी?"

"इथे संध्याकाळ आहे. एमिली, ऐक. तुझं पाकीट माझ्याकडे आहे. श्रावणात तुझ्या घरी ठेवलंय, फ्रीज चालू करून. म्हणून बिल आलं. ते तू ठेवून गेलीस ना, निळं?"

"निळं?" कपाळावर आठी पडली. "ते? ते तुझं आहे."

"माझं कसं असेल?"

"अगो तुझंच! दर श्रावणात तुझ्या मटणाबरोबर माझ्या फ्रीझरात असतंच ते. विसर्जन झालं की मी तुला तुझ्या सामानाबरोबर परत देते."

"आणि ईस्टरला मी तुला तुझ्या सामानाबरोबर परत देते."

"हो, मला वाटायचं तू श्रावणाची आगाऊ तयारी करतेस."

"ईस्टरला?"

"तू पहिल्यापासून तशीच."

वसईत कुकरची शिट्टी झाली आणि कॅनडात कुणीतरी दार लावलं.

"कधीपासून?" शेवटी एमिलीने विचारलं.

"तू दिलंस मला. फर्डिनंड गेले त्या वर्षी."

"छे. तू दिलंस. आर्या झाली त्या वर्षी."

"आर्या त्यांच्या नंतर झाली, म्हणजे आधी तूच दिलंस."

"मी दिलं असेल तर ते तू आधी दिलेलं असणार म्हणूनच दिलं असेन ना? माझं असतं तर मी खाल्लं असतं!"

सुधाकरने मागून घसा साफ केला. "फर्डिनंडचं तर नसेल?"

"भावोजी," एमिली स्क्रीनमधून म्हणाली, "त्याचं असतं तर संपलं असतं."

ऋतिका ओट्याकडून पुढे आली. "म्हणजे सहा वर्षं तुम्ही दोघी कुणाचंच नसलेलं मटण इकडून तिकडे नेताय? आणि एकदाही विचारलं नाही?"

"विचारायचं कसं?" आशालता म्हणाली. "हे तुझं ने, असं म्हणायचं? म्हणजे माझ्या घरात तुझ्या पाकिटाला जागा नाही, असं झालं की ते."

"अगदी," एमिली म्हणाली. "मी पण त्याचसाठी."

आशालता फोन घेऊन उठली, चपला न घालताच सात फूट ओलांडून २०४ मध्ये गेली आणि दार लोटून घेतलं. स्टुलावर बसली. एमिलीला स्क्रीनवर आपलं स्वयंपाकघर दिसलं.

"कॅलेंडर उलटलं नाहीस ते?" मग म्हणाली.

"तुझं कॅलेंडर मी कसं उलटू?"

"एक झाड कुठे गेलं?"

"ते... पाणी जास्त झालं."

"हम्म."

फ्रीज घुरघुरत होता. आशालताला आता सरळ कळत होतं की पाकीट एमिलीचं नाही. एमिलीने काही ठेवलेलं नव्हतं. ती दोन पाकिटं सोडून गेली होती कारण तिच्याकडे दोनच होती. पाच महिने आपण जे सांभाळलं ते कुणी सांभाळायला दिलंच नव्हतं. आता रविवारी ब्रोकरला किल्ली द्यायची, आणि विसर्जन झालं की पाकीट आपण आपल्या घरी न्यायचं, प्लग काढायचा. नियमात बसत होतं सगळं.

"तिकडे मटण कसं असतं?" तिने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"मऊ. हाड नाही, चरबी नाही. यांच्याकडे एक फ्रीझर आहे आडवा, माझ्या माहेरच्या पेटाऱ्याएवढा. दर शनिवारी सून तीन किलो खिमा आणते. खाणारी माणसं चार." एमिलीचं कपाळ खाली गेलं आणि पहिल्यांदाच तिचे डोळे स्क्रीनवर आले. "पहिल्या आठवड्यात मी पाव भिजवला, तर ती म्हणाली, मम्मा, हे कशाला, मटण आहे ना भरपूर. आहे खरं. नुसतंच मटण गो, आशा. त्यात काही घालायचंच नाही. ते ताटात येतं आणि मी बघत बसते. खाववत नाही."

"डाळ तरी घालायचीस."

"तुझी डाळ? इतके वाईट दिवस नाही आले अजून."

आशालता हसली आणि मग तिला नाक पुसावं लागलं. मसाल्याच्या बाटल्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "शिंक आली."

"देव बरं करो," एमिली म्हणाली.

मागून लेस्टरचा आवाज आला. "मम्मा, ठरलं ना मग? आंटीचं आहे ना ते? त्या घेऊन जातील, फ्रीज बंद करतील..."

"थांब रे." एमिली स्क्रीनच्या इतकी जवळ आली की नुसता एक डोळा आणि भुवई उरली. "आशा, पाकीट दाखव."

आशालताने फ्रीझर उघडून फोन आत धरला. निळी पिशवी, चार रबर, बर्फ.

एमिलीने नीट बघितलं. कापडाच्या दुकानात बघतात तसं, घाई न करता.

"माझंच आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आठवलं मला. माझंच. रबर माझे आहेत ते. तू कुठे रबर लावतेस, तू सुतळी बांधतेस."

आशालताने उभ्या आयुष्यात पाकिटाला सुतळी बांधली नव्हती. "हो," ती म्हणाली. "मी सुतळी बांधते."

"मग ते माझ्या घरात आहे ते बरोबर आहे. राहू दे तिथेच. लेस्टर, फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. माझं सामान आहे तिथे."

"मम्मा, एक पाकीट आहे!"

"आणि फेब्रुवारीचं तिकीट काढ. राखेच्या बुधवारच्या आधीचं. उपवासकाळात घरात मटण ठेवता येत नाही, मला ते आशाकडे द्यावं लागेल."

"अगं पण घर बंद आहे! कोण खाणार तिथे?"

"बंद घरातलं देवाला दिसत नाही का रे?"

लेस्टरने देवाचा मुद्दा सोडून दिला. मग तो म्हणाला, "आंटीच इकडून उचलून तिकडे ठेवतील ना. सात फूट तर आहे."

"स्वतःच्या हाताने द्यावं लागतं," आशालता आणि एमिली एकदम म्हणाल्या.

"नियम आहे," एमिली पुढे म्हणाली. "तुझ्या डॅडीमुळे झालाय."

कॅनडात दार पुन्हा लागलं. या वेळी जरा जोरात, पण तुटेल इतकं नाही. एमिलीने मान वळवून तिकडे बघितलं आणि परत आली.

"काढेल," ती म्हणाली. "बडबडेल दोन दिवस आणि काढेल. बापावर गेलाय, कच्चा आहे. आशा, विसर्जन झालं की किलोभर आण. अर्ध्याला तो नळी देत नाही."

"किलो कुठे जाईल? आम्ही पाचच."

"अर्धं गोठव. चपटं करून. पाव मी आल्यावर घालीन."

"बरं."

"आणि ते निळं उघडू नकोस हां."

आशालताने फ्रीझरचं दार लावलं, एकदा दाबून बघितलं. "मी कशाला उघडू? माझं थोडंच आहे."